नेहमीसारखी ऊठ

वीस वर्षांत दिग्दर्शकाने कार्टून सिनेमांत हत्ती नाचवले, ढग रडवले, बक्षिसं मिळवली. आता कागदावरच्या म्हातारीने त्याला घाम फोडला होता. शेवटच्या सीनमध्ये पोरगा घरी येतो, म्हातारी खुर्चीतून उठते. चित्रात ती स्प्रिंग लावल्यासारखी उठायची. सिनेमा तिथेच अडला. शेवटी ती हालचाल टिपून चित्रात उतरवायला त्याने सख्ख्या आईला स्टुडिओतल्या खुर्चीत, कॅमेऱ्यासमोर बसवलं. “अगं, नेहमीसारखी ऊठ ना!” “नेहमी कशी उठते, मला काय माहीत? ओरडू नकोस, तुझी माणसं बघतायत.” अकराव्यांदा फसल्यावर तो कॅमेरा बंद करून तणतणत बाहेर गेला. परतला तेव्हा आई गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, त्याच्याकडे बघतच उठली. “तोंड का सुकलंय रे? खाल्लंस का?” “हेच! बस, मी परत बाहेरून येतो.” त्याने कॅमेरा लावला. पुन्हा दारात आला. आई तश्शीच उठली. “सांगितलं नाहीस अजून, खाल्लंस का?”