आवळलेली मूठ

ओट्यावर चार्जिंगला लावलेला दिगंबरचा कृत्रिम हात अचानक मूठ आवळू लागला. सुहासिनीला वाटलं, नवरा मस्करी करतोय. त्याच्या कोपराखाली उरलेल्या स्नायूंत डॉक्टरांनी बारीक सेन्सर बसवले होते. हात काढून ठेवलेला असला, तरी अंगणात बसून स्नायू ताणले की तो घरातली बोटं नाचवायचा. पण आज ती मूठ उघडझाप करायची थांबेचना.

"अहो!" तिने हाक मारली.

हात उचलून ती बाहेर धावली. फाटकाकडे जाताच सिग्नल तुटून बोटं ढिली पडली, गोठ्यामागे वळताच पुन्हा आवळली. तिथे रचलेली चिऱ्यांची रास कोसळली होती आणि तिच्याखालून दिगंबरचं पाऊल दिसत होतं.

तिची किंकाळी ऐकून शेजारचे इब्राहीमभाई पहार घेऊन धावत आले. तेवढ्यात मूठ उघडी पडली. त्या पंजात आपली बोटं सरकवून ती राशीशी वाकून ओरडली, "ऐकताय ना? धरा माझा हात. सोडायचा नाही!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग बोटं हळूहळू मिटली.

"वहिनी, दोन्ही हात लावा!" इब्राहीमभाई म्हणाले. पण तिला तो पंजा सोडवेना. पहारीने सैल झालेले चिरे ती एकाच हाताने ढकलत राहिली. अखेर धुळीने माखलेला चेहरा दिसला. दिगंबरने खोल श्वास घेतला.

"सोडू का आता?" तो पुटपुटला.

"नको," ती म्हणाली.