पाचपट

रक्ताच्या रिपोर्टात आईच्या अँटिबॉडीचा आकडा बारावरून अठ्ठावन्नवर गेलेला पाहून मुलाचं तोंड एवढंसं झालं. ती मात्र दवाखान्याच्या दारावरची पाटी न्याहाळत होती. पाट्या रंगवण्यात तिचा जन्म गेला होता, सगळे तिला पेंटरबाईच म्हणत. ह्या पाटीवरची अक्षरं कुणीतरी घाईघाईत उरकली होती आणि ते तिला सोसवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्याच रक्तातल्या अँटिबॉडी तिच्या रक्तवाहिन्यांवर उलटल्या होत्या. गोळ्यांनी जीव वाचला, पण हात असा थरथरायला लागला की साधी सरळ रेघ जमेना. गोळ्या बंद होऊन आता आठ महिने झाले होते. सोमवारपासून शाळेची भलीमोठी भिंत रंगवायची होती. रिपोर्टला पेंटरबाई भीत नव्हती. ती गोळ्यांना भीत होती.

"डॉक्टर, गोळ्या आजच सुरू करा," मुलगा आत शिरताशिरताच म्हणाला.

"कोण घेणार, तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "बसा आधी."

त्यांनी बॅटरी लावून पेंटरबाईचं नाक पाहिलं, छाती ऐकली, पायांवर कुठे लाल ठिपके दिसतात का ते शोधलं. सकाळचा लघवीचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"थकवा वगैरे?"

"आहे की. काल तीन पाट्या पुऱ्या केल्या."

"अहो, पण आकडा पाचपट झालाय," मुलाला राहवलं नाही.

"झालाय. म्हणून आता दर महिन्याला तपासू. नाकातून रक्त आलं, खोकला झाला, तर त्याच दिवशी यायचं. पण आज लघवी स्वच्छ आहे, छाती साफ आहे. नुसत्या कागदाला मी औषध देत नाही."

"म्हणजे भिंत?" पेंटरबाईने जीव मुठीत धरून विचारलं.

"रंगवा. हात पुढे करा बघू."

तिने दोन्ही हात पुढे केले. नखांत निळा रंग अडकला होता. एकही बोट हललं नाही. तिला इतका आनंद झाला की हात खाली घ्यायचंच ती विसरली.

खोलीत कागद फडफडत होता. पंखा तर बंद होता. दोघांनी वळून पाहिलं. मुलगा रिपोर्टची घडी घालायला बघत होता, पण कडेला कड लागत नव्हती.

पेंटरबाईने रिपोर्ट त्याच्याकडून घेतला, चौघडी घालून पिशवीत टाकला आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"डॉक्टर, आता ह्याला तपासा," ती म्हणाली. "दोन वर्षं धड झोपला नाहीये."