सालमियातली तोइली

"भिंतीला लाग!"

ग्वेनमावशींनी दंड धरून विनिताला गल्लीच्या मधून बाजूला ओढलं. औषधांची पिशवी तिच्या हातातून सुटून खाली पडली.

"काय झालं? गाडी आली?"

"गाडी नाही. तोइली. गप्प उभी राहा."

कुवेतच्या सालमिया भागातली ती गल्ली दुपारच्या उन्हात अगदी रिकामी होती. शुक्रवार असल्यामुळे कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याचं शटरही खाली होतं.

तोइली म्हणजे काय हे विनिताला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, वेल्समधून आलेल्या या बाईंनी चहा पिता पिता कितीदा तरी सांगितलं होतं. त्यांच्या खेड्यात माणूस मरायच्या आधीच त्याची अंत्ययात्रा रस्त्याने जाऊन येते. दिसते ती एखाद्यालाच. बाकीच्यांनी कुंपणाला चिकटून वाट द्यायची, नाहीतर न दिसणाऱ्या गर्दीत माणूस चेंगरतो.

"आमच्या कुडाळकडे वेताळाची पालखी निघते," विनिताचा नवरा दत्तप्रसाद म्हणायचा. "तिलाही वाट द्यावी लागते. पण मावशी, तुमच्या तोइलीला कुवेतचा व्हिसा कोण देणार?" आणि सगळ्यांत आधी मावशीच हसायच्या.

आत्ता त्यांचा चेहरा स्थिर होता. नजर दोघींच्या बिल्डिंगच्या दारावर होती. मग ती सावकाश इकडे सरकू लागली, चालत येणाऱ्या माणसांबरोबर सरकावी तशी.

विनिता फिजिक्सची एम.एस्सी. तिने आधी वारा पाहिला. रस्त्यावर वर्तमानपत्राचं एक पान पडलं होतं. ते हलत नव्हतं. तरीही तिच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. मग कोपराला. जत्रेत पालखी जवळ आली की माणसांचा लोट जसा भिंतीकडे रेटतो, तसा रेटा अंगावर आला आणि तापलेलं सिमेंट पाठीला भाजलं. पान अजूनही हललं नव्हतं. तिने हात पुढे करून पाहिला. हात पुढे गेला नाही.

भीती वाटायला हवी होती. पण कॉलेजात पहिल्यांदा दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली तेव्हा जसा तिचा श्वास अडकला होता, तसाच तो आता अडकला. एवढं मोठं काहीतरी इतक्या जवळून जात होतं, आणि त्याला तिची दखलही नव्हती.

रेटा ओसरला. कुठल्याशा एसीचं पाणी ठिबकत असल्याचं पुन्हा ऐकू आलं.

मग तिला ते बिल्डिंगचं दार आठवलं. दत्तप्रसाद हॉस्पिटलात होता. उद्या सकाळी त्याची छाती उघडून हृदयाची झडप बदलणार होते. डॉक्टर "बघू या" यापलीकडे काही बोलले नव्हते.

"आपल्याच दारातून निघाली ना?"

"हो."

"तोंडं दिसली?"

"सगळी."

"मावशी, मला खरं काय ते सांगा. तो होता?"

"होता."

"शवपेटीत?"

"छे! पेटीखाली. पुढचा डावा खांदा त्याचाच. तू मागून चालत होतीस. नाक लाल झालं होतं तुझं."

विनिता भिंतीला घसटत तिथेच खाली बसली. आपण रडतोय की हसतोय हे तिलाच कळेना.

"म्हणजे तो वाचणार."

"वाचणार म्हणजे काय! ताठ चालत होता. जरा धापा टाकत होता, एवढंच."

विनिताने ओढणीने तोंड पुसलं. आणि तेव्हा कुठे पुढचा प्रश्न तिच्या मनात आला.

"मग पेटीत कोण होतं?"

मावशी वाकल्या. रस्त्यावर सांडलेली औषधं एकेक करून त्यांनी पिशवीत भरली आणि पिशवी विनिताच्या मांडीवर ठेवली.

"दत्तप्रसादला म्हणावं, छातीचे टाके ओले असताना खांदा द्यायचा हट्ट करू नकोस," त्या म्हणाल्या. "मी काही हलकी नाही."