सरांचा उजवा डोळा

“सरक,” हिरव्या कापडाखालून आवाज आला.

कुणीच सरकलं नाही. सरकून जागा द्यायची कुणाला? ज्यांना ती हवी होती ते स्वतःच ऑपरेशनच्या टेबलावर आडवे होते. कापडाला पडलेल्या भोकातून त्यांचा उजवा डोळा तेवढा बाहेर दिसत होता, आणि त्या डोळ्यात स्वॅबताईचा चिमटा होता.

स्वॅबताई ही नेत्रविभागातली शिकाऊ डॉक्टर. ती डोळे शिकायला आली आणि तिच्या पाठोपाठ साथ आली. डोळ्यांचा वॉर्ड साथीच्या रुग्णांना गेला. मोतीबिंदूची ऑपरेशनं बंद झाली. शिकाऊ डॉक्टरांना नखशिखान्त प्लास्टिकमध्ये गुंडाळून तपासणीच्या खिडकीत बसवलं. डोळ्यांची डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी दिवसभर लोकांच्या नाकात स्वॅबच्या काड्या घालत राहिली. नाव पडलं ते तेव्हा, आणि चिकटलं. साथ ओसरली तेव्हा शेवटची परीक्षा तोंडावर आली होती, आणि तिने अजून माणसाच्या डोळ्याला सुई लावली नव्हती.

टेबलावर आडवे होते ते तिचे विभागप्रमुख. त्यांना सगळे ‘सरकसर’ म्हणत, अर्थात पाठीमागे. घाईत म्हटलं की ते ‘सर्कस’सारखं ऐकू येई. सरांचा हात सोन्याचा, पण दुसऱ्याचा हात त्यांना बघवत नसे. विद्यार्थी ऑपरेशनला बसला आणि नाजूक जागा आली, की सर म्हणायचे, “सरक.” पुढचं सगळं स्वतःच उरकून टाकायचे. त्यांच्या हाताखालून निघालेले कितीतरी जण आज मोठमोठे दवाखाने थाटून बसले होते.

साथीच्या काळात सरांच्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “पहिला डोळा माझा. करणार ही.” आणि बोट स्वॅबताईकडे केलं.

विभागाला वाटलं, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. कागदावर रुग्ण म्हणून त्यांनी सही केली, आणि देखरेख करणारा डॉक्टर म्हणूनही त्यांनीच केली.

“अहो, भिंतीत खिळा ठोकायचा तरी माझ्या हातातली हातोडी काढून घेता तुम्ही,” त्यांची बायको म्हणाली. “आणि त्या पोरीच्या हातात डोळा देताय?”

“देतोय,” सर म्हणाले. कारण सांगितलं नाही.

डोळा बधिर करायला नुसते थेंब घातले होते. जीभ मोकळीच होती. सर कापडाखालून शिकवत होते. “छेद बारीक घे. हं. आता डोळ्यात ते घट्ट, पारदर्शक जेल भर. अगं, माझ्याकडे बघू नकोस, माझ्यात बघ.” सिस्टर मास्कमध्ये हसू दाबत होती.

मग ती जागा आली. भिंगावर एक पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून पातळ. तो बरोबर गोल फाडायचा असतो. अर्धा गोल झाला आणि फाट वाकडी झाली. कडेकडे पळायला लागली. कड ओलांडली की भिंगाचे तुकडे डोळ्याच्या तळाशी बुडण्याची भीती. स्वॅबताईचा हात थांबला. सरांना दिसत काहीच नव्हतं, नुसता उजेड. पण थांबलेला हात त्यांना ऐकू यायचा. त्यांनी ‘सरक’ हा शब्द उच्चारला तो तेव्हा.

नुसता उच्चारला नाही. कापडाखालून त्यांचा हात बाहेर आला. खांदा उचलला गेला. सर स्वतःचं ऑपरेशन करायला उठत होते.

“अगं बाई!” सिस्टर किंचाळली.

स्वॅबताईने रिकामा तळवा त्यांच्या कपाळावर दाबला. “सर, हात आत घ्या. हललात तर डोळा जाईल.”

“अगं, पण फाट—”

“आणि तोंड बंद. तुम्ही बोललात की डोळा हलतो.”

त्या खोलीत सरांशी असं कधी कुणी बोललं नव्हतं. हात निमूट आत गेला. तिने आणखी जेल भरलं, पापुद्र्याचं टोक आल्या वाटेनेच उलटं धरलं आणि मधोमध ओढलं. फाट थबकली. मग वळली. गोल पुरा झाला. जुनं भिंग निघालं, नवं बसलं. सर तोवर चकार शब्द बोलले नाहीत. बाहेर बाकावर त्यांची बायको रडकुंडीला आली होती. आतून यांचा आवाज येत नाही, म्हणजे काहीतरी भलतंच झालं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. सरांनी भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा.

स्वॅबताईला राहवेना. “सर, तुमचे इतके नावाजलेले विद्यार्थी आहेत. कुणीही धावत आलं असतं. मग मीच का?”

सरांनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते नव्या डोळ्याने नीट पाहून घेतलं.

“साथीत तू ड्यूटी संपवून खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायचीस, सरावाच्या खोलीत एकटीच बसायचीस. मी दाराच्या काचेतून तुझ्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा बघायचो. फाट पळायची, तू चरफडायचीस, पुढचा डोळा घ्यायचीस. एके दिवशी ती वळली.”

“तुम्ही बाहेर होतात? मग आत का नाही आलात, सर?”

“आत आलो असतो, तर शिकली असतीस का?”

“पण ते बाकीचे सर्जन...”

सरांनी नवा डोळा मिटला आणि आवाज खाली आणला.

“त्या सगळ्यांना मी शिकवलंय गं.”