बिनमिरचीचे वरण

रखमाने माळ्याची शिडी काढून भिंतीशी आडवी केली आणि तिच्यावर गोधडी टाकली, तोच शेजारची बकुळा धापा टाकीत दारात आली.

“गो, ती आहारवाली बाय इली! पंधरा दिस घोडपदेवातल्यो चाळी पालथ्यो घालता. वहीत सगळा लिवता, नि प्रत्येक घरात एकच इचारता, बिनमिरचीचा कोण खाता?”

बकुळा आली तशी गेली. चुलीकडे वळलेल्या रखमाच्या हातातला डाव मात्र निसटला. चुलीवर दोन पातेली होती. एकात तिखटजाळ कुळथाची पिठी. दुसऱ्यात मिरचीचा देठही न लागलेले वरण.

माळ्यावर अठरा दिवसांपासून एक तरुण दडून राहिला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला. त्याच्या नावे वॉरंट निघालेले. तो गिरगावचा, एवढेच तिला ठाऊक. नाव विचारायचे नाही, हा तिच्या नवऱ्याचा, गुणाजीचा दंडक. तरुण सापडला तर गुणाजीही गजाआड जाणार होता. मग गिरणीतले काम जाणार आणि मागोमाग ही खोलीही.

बाई आत आल्या. पन्नाशीच्या, पांढरे पातळ नेसलेल्या, हातात वही.

“मी सरोजिनीबाई. तुटपुंज्या मिळकतीत सकस कसं खावं, याची आमच्या मंडळातर्फे पाहणी करते. घरात माणसं किती?”

“दोघंच.”

“भाकऱ्या?”

“सात.”

सरोजिनीबाईंनी टोपलीकडे पाहिले. “दहा दिसतात.”

“गिरणीत राबणारो माणूस, बाई. भूक लागताच.”

“आणि हे फिकं वरण कुणाचं?”

“ह्यांचाच. पित्त आसा त्यांका.”

पहिल्या पाळीहून परतलेला गुणाजी उंबऱ्याशी जेवत होता. नेमक्या त्याच क्षणी त्याने हिरवी मिरची कडकन चावली. मग त्याचा जबडा जागीच थबकला.

“औषध म्हणान खातंय,” तो म्हणाला.

सरोजिनीबाई हसल्या नाहीत. चुलीपाशी एक अर्धी भरलेली वाटी होती. त्यांनी ती उचलून हुंगली.

“ताकाला हिंगाची फोडणी देता?”

“होय तर.”

“उरतं का?”

“रोज उरता,” रखमा बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची नजर धुराने काळवंडलेल्या तुळईवरून सरकत माळ्याच्या फळ्यांवर गेली आणि तिथेच खिळली. वर काहीतरी किंचित हलले. फटीतून बारीक धूळ वहीच्या पानावर पडली. सरोजिनीबाईंनी ती झटकली नाही. पदराच्या टोकाने हळूच टिपून घेतली.

आता ही खाली उतरून शिपायांना हाक मारणार, याविषयी रखमाच्या मनात शंका उरली नाही. गुणाजी उष्ट्या हाताने उठला आणि दार अडवून उभा राहिला.

“बाई, कोणी धाडल्यान तुमका? सरळ सांगा.”

सरोजिनीबाईंनी वही मिटली. एक अक्षरही त्यांनी लिहिले नव्हते.

“ऐक, बाळ,” त्या रखमाला हलक्या आवाजात म्हणाल्या. “पेज ओतून देऊ नकोस. नाचणीच्या पिठातला कोंडा चाळून काढू नकोस. शेवग्याचा पाला फुकट मिळतो, तो वरणात घाल. आणि ज्याला ऊन मिळत नाही, त्याला बारीक सुकी मासळी काट्यासकट दे.”

“ऊन... कोणाक मिळत नाय?” रखमाने विचारले.

सरोजिनीबाई दाराशी गेल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गुणाजी नकळत बाजूला झाला. चपला पायांत सरकवताना त्या थांबल्या. मान मात्र त्यांनी वर केली नाही.

“आणि ताक साधंच देत जा. दुधाचे दात होते तेव्हापासून त्याला हिंगाचा वास सोसत नाही.”