आजची पिग्मी
धाकट्या नातवाचं बारसं टँकरच्या पाण्यावर केलं, त्या दुष्काळी वर्षी माझी नात प्रतीक्षा केजला कॉलेजात कॉमर्स शिकत होती. फीसाठी तिने एका पतसंस्थेचं पिग्मीचं काम धरलं होतं. रोज गल्लीत घरोघर फिरून बचत गोळा करायची. “घरात ठिवलेल्या पैशाची किंमत कमी व्हत जाती, काकू,” असं कॉलेजात शिकलेलं सांगून शेजारच्या छबुबाईचे पैसेही तिनेच ज्वारीच्या कणगीतून काढून पतसंस्थेत ठेवायला लावले. नवरा आसाराम याच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी छबुबाईने ते ऊसतोडीतून साठवले होते. एके दिवशी प्रतीक्षा दुपारीच परतली आणि पावतीचं मशीन मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली. दिवेलागणीला छबुबाई पदराच्या गाठीतली नोट सोडवत आली. “कॉलेजवाल्या बाई, आता आमीच यायचं व्हय तुमच्या दारी?” ती हसत म्हणाली. प्रतीक्षाने हात पुढे केला नाही. “आज घेत न्हाई, काकू.” “कावून? सुट्टी हाय?” “पतसंस्थेला कुलूप लागलंय. साहेब लोक पळाले. कुणाचेच पैसे मिळत न्हाईत.” छबुबाईने खाली बसून प्रतीक्षाची मिटलेली मूठ उघडायला घेतली. “घे गं माय, वीसच रुपये हायत. तू घेतलेस म्हंजी पतसंस्था चालू हाय.” प्रतीक्षाने मूठ उघडली नाही. संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी आसाराम वारला.