शार्कचे पर

या माउली, अशा जवळ सरकून बसा. कृष्णाकाठच्या भिलवडीतल्या प्रांजलची घटकाभराची गोष्ट सांगतो.

प्रांजलला सातवा महिना लागलेला. हाँगकाँगला नोकरीला असलेल्या नवऱ्यानं तिला सूप करून प्यायला शार्क माशाचे सुके पर धाडले. तिनं मोबाइलवर वाचलं आणि सासूला सांगितलं, "आवं आत्या, ह्यात पारा असतोय, बाळाला बाधंल. आन् पर छाटून मासा जित्ताच समुद्रात टाकत्यात. त्याला पवता येत न्हाई, तळाला जाऊन मरतोय."

सासू हरणाबाई पाकीट पदराखाली घेत म्हणाली, "माझ्या लेकानं धाडलंय. मी काय उकिरड्यावर टाकायची न्हाई."

दुपारी प्रांजलला जाग आली, तर पाकीट नाही, सासूही नाही; शेगडीवर मात्र झाकलेलं गरम पातेलं. सासूनं परांचं सूपच केलं की काय? झाकण उचललं, तर साधी तुरीची आमटी! मग पाकीट गेलं कुठं? पोटावर हात धरून ती आत-बाहेर करत राहिली.

इतक्यात ओल्या निऱ्या पिळत हरणाबाई दारात आली.


"कृष्णामाईत सोडून आले. ती समिंदराला जाती न्हवं? ज्याचं त्याला पोचू दे."

सांजेला देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या बिनपराच्या जिवाचीही आठवण ठेवा.